‘कटाक्ष’ आणि ‘काणाडोळा’

जुने कागद वाचणाऱ्यास अपरिचित शब्द सहसा फसवीत नाहींत. ते त्याला अडवितात; आणि अडलेला मनुष्य कोश उघडतो, जाणत्यास विचारतो, निदान प्रश्नचिन्ह घालून पुढें जातो. फसवितात ते ओळखीचे शब्द. आज आपण ज्या अर्थानें शब्द योजतों त्याच अर्थानें तो दोनशें वर्षांपूर्वींच्या कारकुनानें योजिला असेल, असें आपण नकळत धरून चालतों. आणि मग त्या एका शब्दावर उभारलेलें अनुमान वरून कितीहि सरळ दिसलें तरी पायांतच कललेलें असतें. ‘कटाक्ष’ हा असाच एक शब्द होय. समजा, एखाद्या पत्रांत ‘सांप्रत त्यांचा कटाक्ष इकडे आहे’ एवढेंच वाक्य आलें. (हें वाक्य आम्हीं केवळ उदाहरणासाठीं रचिलें आहे.) वाचकानें काय समजावें? त्यांची कृपा आहे असें समजलें तर पत्र लिहिणारा आश्रित ठरतो; रोष समजला तर तो धास्तावलेला ठरतो; पाळत किंवा रोख समजला तर कांहीं मसलत शिजत आहे असें मानावें लागतें; आणि आजच्या वृत्तपत्री वळणानें टोमणा समजला तर प्रकरण केवळ बोलाचालीचें होतें. चार अर्थ, चार प्रकारचे इतिहास. म्हणून ह्या शब्दाचा माग काढणें हें केवळ वैयाकरणाचें काम आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

संस्कृतांत शब्दाचा अर्थ पुरेसा निश्चित आहे. महाभारत व रामायण ह्यांपासून तो आढळतो. अमरसिंहानें आपल्या कोशाच्या मनुष्यवर्गांत अपांग आणि कटाक्ष हे दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेविले आहेत: अपांग म्हणजे डोळ्यांचे शेवट, आणि अपांगानें पाहणें तो कटाक्ष. म्हणजे पहिला अवयव आहे व दुसरा त्या अवयवाचा व्यापार आहे. अपांग हा शब्द वैद्यांनाहि हवा होता. सुश्रुतानें शारीरस्थानांत अपांग नांवाचें मर्म भुवईच्या शेपटाखालीं, डोळ्याच्या बाहेरच्या अंगास सांगितलें असून तेथें घाव बसल्यास आंधळेपणा येतो किंवा दृष्टीस अपाय होतो असें म्हटलें आहे. मराठींत मात्र अपांगास थारा मिळाला नाहीं. ‘अंगानें उणा’ ह्या अर्थाचा दुसरा अपांग शब्द ‘अपंग’ ह्या रूपानें बोलींत रुळल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यासाठीं तोच ध्वनि वापरणें अवघडच होतें.

कटाक्षाचें खरें शास्त्र सांपडतें तें नाट्यग्रंथांत. भरताच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायांत बुबुळाच्या नऊ क्रिया सांगितल्या आहेत. त्यांपैकीं ‘विवर्तन’ हीच कटाक्ष होय असें तेथें म्हटलें आहे. त्याच अध्यायांत पाहण्याचे आठ प्रकार निराळे दिले असून त्यांत ‘साची’ म्हणजे तिरपें पाहणें हा एक आहे. अभिनयदर्पणाच्या आठ दृष्टींतहि साची आहेच. ह्या बारीक विभागणीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. कटाक्षांत मान वळत नाहीं. तोंड ज्या दिशेस आहे त्याच दिशेस राहतें. फिरतें तें बुबुळ. मुख एकीकडे आणि अवधान दुसरीकडे, ही कटाक्षाची मूळ मुद्रा आहे. मेघदूतांत उज्जयिनीच्या महाकालमंदिरांतील नर्तकी मेघाकडे कटाक्ष टाकतात, त्यांस कवीनें भुंग्यांच्या ओळीची उपमा दिली आहे. त्या नर्तकींचे हात चवऱ्यांत गुंतलेले आहेत. पावलें तालांत आहेत. मेघासाठीं मोकळें आहे तें फक्त बुबुळ. मराठी पंडित कवींच्या आख्यानांतून हा शब्द शृंगारप्रसंगीं येतो तो ह्याच परंपरेनें.

आतां व्युत्पत्ति. ‘कट’ म्हणजे गंड, विशेषतः हत्तीचें गंडस्थल, हा अर्थ अमरानेंहि दिला आहे. त्यावरून, जी दृष्टि गालापर्यंत व्यापते ती कटाक्ष, अशी फोड संस्कृत पंडित करीत आले. ही फोड आम्हांस बैठकीवर बसून केलेली वाटते. ह्या फोडींत ‘अक्ष’ हा व्यापणें ह्या अर्थाच्या धातूपासून काढावा लागतो, आणि समोर असलेला डोळा मात्र बाजूस सारावा लागतो. वस्तुतः ‘अक्ष’ येथें अक्षि शब्दाचेंच समासांतलें रूप मानण्यास कांहीं अडचण नाहीं. अक्षि शब्द प्रत्यक्ष नेत्र ह्या अर्थाचा नसेल तेव्हां समासान्तीं त्याचें अक्ष असें रूप होतें, असें पाणिनीचें सूत्रच आहे (५.४.७६), गवाक्ष हें त्याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. गवाक्ष म्हणजे डोळा नव्हे, खिडकी. कटाक्ष म्हणजेहि डोळा नव्हे, नजर.

मग राहिला ‘कट’. ह्याचा आणखी एक अर्थ कंबर, कूस, बाजू असा आहे, आणि तो मराठीच्या नित्य व्यवहारांत जिवंत आहे. दोन स्वरांमधील टकाराचा प्राकृतांत डकार होतो: वटाचा वड, घोटकाचा घोडा, कटूचें कडू. त्याच नियमानें कटाची ‘कड’. मूल आपण कडेवर घेतों, पाण्याच्या कडेस उभे राहतों, एखाद्याची कड घेतों. आणि ‘माझ्याकडे’, ‘गांवाकडे’ ह्यांतील ‘कडे’ ह्याच घराण्यांतलें. इतकेंच नव्हे, तर ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ असें आपण म्हणतों तेव्हां अमराचा अपांग आपण मराठींत बोलत असतों. कटाक्ष म्हणजे डोळ्याच्या कडेनें पाहणें, हा अर्थ लावण्यास मराठी मनुष्यास कोश उघडण्याची गरज नाहीं.

येथें एक गोष्ट सोडतां येत नाहीं. तमिळ भाषेंत ‘कडै’ म्हणजे शेवट आणि ‘कण्’ म्हणजे डोळा. दोहोंचा समास ‘कडैक्कण्’, अर्थ डोळ्याचा कोपरा आणि तेथून टाकलेली नजर. कन्नडांत ‘कडेगण्णु’, तेलुगूंत ‘कडकन्नु’; घडण तीच व अर्थहि तोच. कन्नडांत ‘कडे’ म्हणजे बाजू, दिशा. बेळगांव-सोलापुराकडील द्विभाषी मनुष्यास आपल्या ‘कडे’ शब्दाशीं त्याचें साम्य रोजच कानावर पडतें. संस्कृत कटाक्षाचे दोन तुकडे आणि द्राविडी समासाचे दोन तुकडे असे समोरासमोर मांडले म्हणजे हें साम्य केवळ योगायोगाचें म्हणवत नाहीं. अक्ष हा भाग संस्कृत आहे ह्यांत संशय नाहीं; प्रश्न पूर्वपदाचा आहे. तें दक्षिणेंतून उत्तरेस गेलें, कीं मूळ भिन्न असलेले दोन सारखे शब्द शेजारधर्मानें एकमेकांत मिसळले? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. कंबर, बाजू ह्या अर्थाचा कट आणि शेवट ह्या अर्थाचा कडै हे आरंभीं निराळे असावेत, आणि डोळ्याच्या कोपऱ्यापाशीं त्यांची गांठ पडली असावी. राजवाड्यांचा ओढा मराठी शब्द संस्कृत धातूपर्यंत नेऊन भिडविण्याकडे असे. त्यांच्या व्युत्पत्त्यांनीं ह्या अभ्यासास जो वेग दिला त्याचें ऋण आपणां सर्वांवर आहे. परंतु मराठीच्या घरास दक्षिणेकडेहि दार आहे, आणि १९६१ सालीं बरो व एमेनो ह्यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाल्यापासून तें न उघडण्यास सबब उरलेली नाहीं.

शब्द एक असला तरी त्याचें नशीब प्रांतोप्रांतीं पालटलें. दक्षिणेंत कटाक्ष म्हणजे कृपा. तमिळांत व तेलुगूंत लक्ष्मीचा कटाक्ष म्हणजे घरांतली भरभराट. कांचीच्या कामाक्षीवरील मूकपंचशतींत पांच शतकें असून त्यांपैकीं एक सबंध शतक तिच्या कटाक्षास वाहिलेलें आहे. भक्त देवीची पूर्ण दृष्टि मागत नाहीं. कोपऱ्यांतून पडलेली नजरहि पुरे, असा त्यांतील भाव. मराठींतील ‘कृपाकटाक्ष’ ह्याच जातीचा. उत्तरेस आणि गुजरातेंत हाच शब्द बोचऱ्या बोलण्याचा वाचक झाला. हिंदी मनुष्य कटाक्ष करतो म्हणजे टोमणा मारतो. गुजरातींत कटाक्ष म्हणजे उपरोध. हा अर्थहि मूळ मुद्रेला सोडून नाहीं. तोंड एकाकडे व रोख दुसऱ्याकडे, हेंच बोलण्यांत आलें कीं टोमणा होतो. ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणजे शब्दांनीं केलेला कटाक्षच.

मराठीनें मात्र ह्या दोहोंहून निराळी वाट धरिली. ‘त्यांचा स्वच्छतेवर कटाक्ष असे’, ‘शुद्धलेखनाकडे कटाक्षानें लक्ष द्यावें’ अशीं वाक्यें आपण सहज लिहितों. येथें शृंगार नाहीं, कृपा नाहीं, टोमणाहि नाहीं. आहे ती दक्षता आणि आग्रह. हिंदी वाचकानें ‘त्यांचा वक्तशीरपणावर कटाक्ष होता’ हें वाक्य शब्दशः घेतलें तर वेळेवर येणाऱ्यांची ते थट्टा करीत, असा त्याचा समज व्हावयाचा. आणि अनुवादांतून असले घोटाळे होण्यास वेळ लागत नाहीं. एक चंचल, ओझरती नजर एवढी करडी कशी झाली?

प्रत्ययांकडे पाहिलें म्हणजे वाट दिसूं लागते. आरंभीं कटाक्ष कोणावर तरी पडतो, जशी दृष्टि पडते. पुढें तो पडण्याऐवजीं ‘असूं’ लागतो: ‘त्याचा कटाक्ष अमक्यावर आहे’. पडणें क्षणाचें आहे, असणें टिकाऊ. येथें कटाक्षाचा रोख झाला. नेम धरणाऱ्याची दृष्टि जशी लक्ष्यावर, तशी मनाची एका विषयावर. हा रोख मनुष्यावर असेल तर प्रसंगाप्रमाणें तो डावाचा किंवा रोषाचा, गोष्टीवर असेल तर आस्थेचा. स्वच्छतेवर, सोवळ्यावर, हिशेबावर कटाक्ष असणें ही ह्या पायरीवरची रचना होय, आणि तीमधला ‘वर’ हा अजून डोळ्याचाच प्रत्यय आहे. तिसऱ्या पायरीवर तोहि गळतो आणि ‘कटाक्षानें’ हें निखळ क्रियाविशेषण उरतें. ह्यानंतर शब्दाचा डोळ्याशीं संबंध इतका सुटला आहे कीं, आपण ‘कटाक्षानें टाळणें’ असेंहि म्हणतों. पाहण्याचा शब्द न पाहण्यास जोर देऊं लागला!

तथापि मूळची मुद्रा येथेंहि पुसलेली नाहीं, असें आमचें मत आहे. घरांतील वडील बाई देवापुढें माळ ओढीत बसल्या आहेत. मुख देवाकडे, पण सोंवळ्यांतल्या भांड्याला कोणाचा हात लागतो हें त्यांस न वळतां कळतें. सदरेवर कारभारी आलेल्यागेलेल्याशीं बोलत आहे, पण कारकुनाच्या खाडाखोडीवर त्याच्या डोळ्याची कड आहे. एका कामांत असतां दुसऱ्यावरची नजर न काढणें ह्यासच आपण कटाक्ष म्हणतों. समोर बसून टक लावून पाहणाऱ्याचें लक्ष असतें. कटाक्ष असतो तो ज्याचें तोंड दुसरीकडे असूनहि कांहीं निसटत नाहीं त्याचा. म्हणून आग्रह, दक्षता, काटेकोरपणा हे सर्व शब्द हाताशीं असतांहि मराठीस ‘कटाक्ष’ हवासा वाटला.

हा शब्द बोलींतून वाढत आलेला नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. प्राकृतांत त्याचें ‘कडक्ख’ असें रूप आहे. तें वंशपरंपरेनें उतरतें तर मराठींत ‘कडाख’ असें कांहीं रूप मिळावयास हवें होतें. तसें नसल्यामुळें मराठी कटाक्ष हा पंडितांच्या हातून पुन्हा संस्कृतांतून आणलेला तत्सम शब्द ठरतो, आणि म्हणूनच दरबारी लेखनांत त्याची जागा अरुंद होती. तेथें फारसीच्या द्वारें आलेली ‘नजर’ आधींच ठाण मांडून बसलेली. मेहेरनजर, नजरबंद, नजरचूक असा तिचा मोठा परिवार. शिवाय ह्या नजरेंतहि एक खड्डा आहेच. अरबींत दृष्टि ह्या अर्थाचा नजर आणि नवस, भेट ह्या अर्थाचा नज्र हे दोन भिन्न अक्षरांनीं लिहिले जाणारे भिन्न शब्द आहेत; मोडींत व बालबोधींत दोन्ही एकाच ‘ज’नें लिहिले जाऊन एक झाले. ‘नजर केली’ म्हणजे पाहिलें कीं भेट अर्पिली, हें वाक्याच्या शेजारपाजाऱ्यांवरूनच ठरवावें लागतें.

आरंभीं दिलेल्या वाक्याकडे आतां परत पाहूं. कृपा हा अर्थ घ्यावयाचा तर मराठींत बहुधा ‘कृपा’ शब्द जोडलेला सांपडेल. तो नसतां कृपा गृहीत धरूं नये. टोमण्याचा अर्थ तर जुन्या कागदांत मुळींच घालूं नये. मराठी वृत्तपत्रांतून तो आज दिसतो तो हिंदीच्या सहवासानें. ‘कटाक्षानें’ असें तृतीयान्त रूप असेल तर आग्रहाचा अर्थ संभवतो. मनुष्याकडे किंवा प्रांताकडे ‘कटाक्ष आहे’ एवढेंच असेल तर रोख हा अर्थ पहिल्यानें तपासावा, आणि तो रोख कोणत्या हेतूचा हें आगेंमागेंच्या पत्रांवरून ठरवावें. दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें (१९३२ ते १९३८) मराठी वाचकावर अपार उपकार केले आहेत. परंतु कोणत्याहि कोशांत अर्थ एकाखालीं एक क्रमांकानें उभे असतात. त्यांच्यामधील काळाचें अंतर वाचकासच भरून काढावें लागतें.

तिरप्या दृष्टीची दुसरी बाजू अवहेलनेची आहे. संस्कृत ‘तिरस्’ म्हणजे आडवें, पलीकडे. त्याच्यापासून तिरस्कार: मूळ अर्थ बाजूस सारणें, झांकणें, पडद्यास तिरस्करिणी म्हणतात तें ह्याच अर्थानें. झांकलें तें नजरेआड झालें, नजरेआड केलें तें तुच्छ ठरलें. उपेक्षेचा प्रवासहि असाच: जवळून पाहणें, मग नुसतें पाहत राहणें, मग पाहूनहि कांहीं न करणें. कन्नडांत तर कडेगण्णापासून ‘कडेगणिसु’ असें क्रियापदच झालें आहे, आणि त्याचा अर्थ उपेक्षा करणें. एका पर्वताच्या दोन उतारांवर जसें पाणी दोन समुद्रांस जातें, तसा डोळ्याच्या कडेचा हा शब्द कर्नाटकांत दुर्लक्षास मिळाला व महाराष्ट्रांत कडक लक्षास.

मराठीनें दुर्लक्षासाठीं स्वतःचा शब्द घडविला तो ‘काणाडोळा’. आज तो बहुधा ‘कानाडोळा’ असा लिहितात, आणि त्यामुळें त्यांत कान आहे अशी समजूत झाली आहे. कान व डोळा दोन्ही फिरविणें, किंवा डोळा कानाकडे नेणें, अशी त्याची फोड करतात. दुसरी फोड लोभसवाणी आहे, कारण डोळा कानाकडे नेणें हा साक्षात् कटाक्षच झाला. परंतु आम्हांस ती पटत नाहीं. कर्ण शब्दाचें प्राकृतांत कण्ण व मराठींत कान, म्हणजे जोडाक्षराचा दन्त्य ‘न’ होतो. उलट काण, म्हणजे एका डोळ्यानें अधू, ह्यांतील एकेरी ‘ण’ मराठींत तसाच राहून ‘काणा’ होतो. शब्दाचें ‘काणाडोळा’ हें रूपहि लेखनांत आढळतें, आणि ‘काणा डोळा करणें’ ही रचना विशेषणविशेष्यांची, लिंगवचनांस धरून चालणारी, निर्दोष आहे. कोंकण, खानदेश, वऱ्हाड ह्या भागांतील बोलींत ण-न ह्यांचा भेद पुष्कळदां राहत नाहीं. तेथून एकदां ‘न’ शिरला कीं कानाची कल्पना आपोआप सुचते. ‘कान’ हें पूर्वपद मानलें तर आणखी एक अडचण येते: नुसतें ‘कान-डोळा करणें’ ह्याचा अर्थ ऐकणें-पाहणें असा व्हावयास हवा, म्हणजे नेमका उलटा.

काणा डोळा करणें म्हणजे चांगला असलेला डोळा क्षणभर मुद्दाम अधू करणें. इतिहासलेखकानें ह्या ‘मुद्दाम’कडे दुर्लक्ष करूं नये. दुर्लक्ष अजाणतां होऊं शकतें. काणाडोळा अजाणतां होत नाहीं. एखाद्या मामलेदारानें चोरट्या वाहतुकीकडे दुर्लक्ष केलें असें कागद म्हणत असेल तर तो आळशी असेल, अडाणी असेल. काणाडोळा केला असें म्हणत असेल तर त्याला ती वाहतूक ठाऊक होती, असा लेखकाचा आरोप आहे, आणि तो आरोप म्हणूनच पारखला पाहिजे. म्हणून मोडी कागदाचें बालबोध करतांना हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून टिपांत देऊं नयेत. आणि मुळांत ‘काणाडोळा’ असा णकार स्पष्ट असेल तर आजच्या लेखनाप्रमाणें त्याचा नकार करून छापूं नये.